सहावा शेंगदाणा

बारशाला दीडशे पान उठलं आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी माझ्या लेकीचा मुका घेतला. सव्वा महिना झाला की बाळ जरा धरतं म्हणून मुद्दाम उशिराचा रविवार धरला होता. मावसबहिणीचा चार वर्षांचा पोरगा नाक गळत पाळण्याभोवती फेऱ्या मारत होता. त्याला कुणी हटकलं नाही. मीही नाही. पाहुण्याच्या लेकराला "लांब हो" म्हणायला जीभ रेटत नाही, त्यात त्याची आई चांदीचे वाळे घेऊन आलेली. गुरुवारी सकाळी लेकीला शिंका सुरू झाल्या.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, सोलापुरात आले होते. आमचं घर पूर्व भागात, अशोक चौकापासून आत. भिंतीला भिंत लागून टॉवेलचे माग आहेत, त्यामुळे दिवसभर खटखट. घरच्यांना तिची इतकी सवय की माग बंद पडले की आज्जी दचकून उठते. बाळाचं नाक वाजायला लागलं तेव्हा मात्र ही खटखट मला पहिल्यांदा आडवी आली. दिवसा काही ऐकूच यायचं नाही आणि रात्री माग थांबले की एवढ्याशा नाकातली घरघर सगळ्या खोलीत भरून राहायची. पहिल्या रात्री मी त्या घरघरीला घाबरून जागी होते. ज्याला घाबरायचं असतं ते आवाज करत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

योगायोग असा की गुरुवारीच आशाताई आल्या. बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात, ही त्यांची बेचाळिसाव्या दिवसाची फेरी. पिशवीतला काटा काढून वजन केलं, ४ किलो १०० ग्रॅम. शिंका ऐकल्या, तशी त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "श्वास मोजता येतो का तुला?"

मी म्हटलं, "ताई, माझं एमकॉम झालंय."

"मग दाखव मोजून."

मी मोबाईलवर घड्याळ लावलं, अर्धा मिनिट मोजलं आणि दुप्पट केली. त्या मान हलवत बसल्या. एवढी लहान बाळं एका लयीत श्वास घेतच नाहीत. चार-पाच श्वास भराभर, मग क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा भराभर. अर्ध्या मिनिटात तो थांबा सापडला तर आकडा खाली येतो, निसटला तर वर जातो. पूर्ण मिनिटच मोजायचं. बाळ रडत नसताना, पीत नसताना, जमलं तर झोपेत. आणि नजर पोटावर ठेवायची, कारण या वयात श्वासाबरोबर ठळक वरखाली होतं ते पोट. मी पुन्हा मोजायला बसले, तर तिसाच्या पुढे घोळ व्हायला लागला. पस्तीस झाले की छत्तीस?

"शेंगदाणे आण घरातले," ताई म्हणाल्या.

आमच्या घरात शेंगदाणे मागावे लागत नाहीत. आई चटणीसाठी भाजतच होती. ताईंनी ताटलीत सहा दाणे मांडले, बाळापासून हातभर लांब. एक ते दहा श्वास मोजायचे, एक दाणा सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरू. मिनिट संपायच्या आत सहावा दाणा सरकला तर बाळाचा श्वास ६० ला पोचला. ही युक्ती त्यांची स्वतःची नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी फारसं न शिकलेल्या बायकांना मोजता यावं म्हणून मण्यांचं असं साधन केलं होतं, मिनिटाची वाळू आणि दर दहा श्वासांना एक मणी. लाल मणी आला की बाळाला न्युमोनियाची शंका. ताईंनी ते प्रशिक्षणात ऐकलं होतं. मणी नव्हते, दाणे होते. त्या दिवशी चार दाणे सरकले, पाचव्याला सहा श्वास झाले. म्हणजे ४६. "चांगलंय," म्हणाल्या आणि त्यांच्या पुढच्या घरी गेल्या.

एवढं होऊनही शुक्रवारी मी डॉक्टरकडे गेलेच. रात्रभरच्या घरघरीनं माझा धीर सुटला होता. भावाच्या गाडीवर नको म्हणून रिक्षा केली. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेची दुकानं लागायला लागली होती, रस्त्यात गर्दी, आणि बाळाला वारा लागू नये म्हणून झबलं, त्यावर स्वेटर, दोन टोपरी, पायमोजे, दुपटं आणि वर आईची शाल. बालरोगतज्ज्ञ मॅडमनी ते सगळं एकेक करून सोडायला लावलं.

"आई, बाळ आणलंय की गाठोडं?"

(दवाखान्यात गेल्यावर आपलं नाव जातं आणि आपण सगळ्यांच्या आई होतो. पहिल्यांदा मी मागे वळून माझ्या आईकडे बघितलं होतं.)

मॅडमनी झबलं गळ्यापर्यंत वर केलं आणि काहीच केलं नाही. नुसत्या बघत राहिल्या. स्टेथोस्कोप गळ्यात तसाच. मला वाटलं, काहीतरी वाईट दिसलं. मिनिटभरानं म्हणाल्या, "४४. छान आहे." मग छाती ऐकली, कान बघितले, टाळू चाचपली.

घरघरीचं त्यांनी फार सोपं करून सांगितलं. या वयाची बाळं नाकानंच श्वास घेतात, नाकाची वाट काडीएवढी, त्यात थेंबभर शेंबूड अडकला तरी वाजतं. वाजतंय याचा अर्थ हवा जातेय. दुधाआधी नाकात सलाईनचे दोन-दोन थेंब टाकायचे, मिनिटभर थांबायचं आणि बाहेर येईल तेवढंच पुसायचं. तेल नाकात घालायचं नाही, ते खाली फुप्फुसात उतरतं. वाफारा नाही, भाजलेली बाळं त्यांनी बघितली होती. कापूर असलेला बाम नाही. मध नाही, वर्षाच्या आत चाटणसुद्धा नाही.

मी विचारलं, "मग औषध काय?"

"हेच."

चारशे रुपये देऊन मिठाच्या पाण्याची बाटली घेऊन आले, असं नंतर दादा सगळ्यांना सांगत सुटला. पण त्या चारशे रुपयांत मला आणखी एक गोष्ट मिळाली होती. कागदाच्या मागच्या बाजूला मॅडमनी ६० लिहून त्याभोवती गोल काढला होता. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०. म्हणजे आणखी दोन आठवड्यांनी माझ्या लेकीचा आकडा बदलणार होता. पन्नासचा श्वास आज चालतो, तोच तिला दोन महिने झाले की चालत नाही. "आकडा वर दिसला तर शांत करून परत मोजा. दुसऱ्यांदाही वरच असेल तर मला फोन करत बसू नका, बाळ घेऊन निघा."

तापाचंही त्यांनी निक्षून सांगितलं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर तो सर्दीचा समजायचा नाही, त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री दाखवायचं. काखेत ९९.५ आला तर पांघरुणं कमी करून थोड्या वेळानं परत लावायचा, खरा असेल तर आणायचं. घरचं पॅरासिटामॉल पाजून सकाळची वाट बघायची नाही, कारण ताप उतरतो आणि आतलं दुखणं झाकलं जातं. आणि अंग गार पडून ९६ च्या खाली गेलं तर तेही तापाइतकंच वाईट. हे मला नवीन होतं.

जाता जाता त्यांनी लसीचं कार्ड मागितलं. सहा आठवड्यांचे डोस आदल्याच दिवशी द्यायचे होते, सर्दी आहे म्हणून मीच पुढे ढकलले होते. मॅडम थोड्या वैतागल्या. साध्या सर्दीत डोस देता येतो, आणि त्या डोसांत न्युमोनियाविरुद्धची पीसीव्ही पण असते. बाळ आजारी म्हणून आजाराविरुद्धची लस थांबवायची, हा कुठला हिशोब?

घरी आल्यावर पुण्याहून नवऱ्याचा फोन. "बघ, मी म्हटलं नव्हतं? उगाच गेलीस." त्यानं प्रेमानंच म्हटलं होतं. पण हा "उगाच" माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला.

शनिवार भांडणात गेला. दादा औषधाच्या दुकानातून सर्दीचं थेंबांचं औषध घेऊन आला, दुकानदारानं "लहान बाळाचंच आहे" म्हणून दिलेलं. बाटलीवर बारीक अक्षरात क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन, आणि त्याखाली चार वर्षांखालील मुलांना देऊ नये अशी सूचना छापलेली. ही सूचना छापायला सरकारनं डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं होतं. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला २०२५ मध्ये विषारी कफ सिरपनं लेकरं दगावली, त्यानंतर तर दोन वर्षांच्या आत सर्दी-खोकल्याचं औषध लिहूच नका, देऊच नका, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानं बजावलं. दादानं बाटली गुपचूप खिशात घातली. दुकानात कुणी डॉक्टरची चिठ्ठी विचारली नाही, वय विचारलं नाही. मला त्या दुकानदारापेक्षा त्या छापील सूचनेची दया आली, एवढी बारीक.

आज्जीशी जास्त झालं. तिनं शेगडीत निखारे घेतले होते, वर ओवा आणि वेखंड, आणि बाळाला धुरावर धरायचं म्हणून हात पुढे केला. मी नाही म्हटलं. "अकरा लेकरं वाढवलीत मी ह्या धुरीवर," ती म्हणाली. अकरातली चार गेली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी ते बोलले नाही, पण मनात आलं ते तोंडावर दिसलं असावं, कारण आज्जीनं शेगडी उचलून मोरीत नेऊन ओतली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. शेजारच्या अक्का विड्या वळतात. त्या मात्र स्वतःहून दारातच थांबल्या. "अंगाला तंबाकूचा वास येलालाय, आत येत न्हाई," म्हणाल्या. बारशाला आलेल्यांत एवढा विचार करणारं कुणी नव्हतं.

रविवारी घरघर कमी झाली.

सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. आईनं दुपारी निवांत जेवण केलं. बाळ शांत पडून होतं, फारसं रडतही नव्हतं. काखेत थर्मामीटर लावला, ९८.६. चार वाजता आज्जी खाटेवरून उठून आली, कालपासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"लंगोट किती बदललंस सकाळधरनं?"

मी दोरीकडे बघितलं. तीन. रोज या वेळेला सात-आठ वाळत असतात.

"हिनं दूध सोडलंय. ही झोप खोटी हाय."

मी म्हटलं, पितेय की थोडं थोडं. पण मग नीट बघितलं. रोज एका बाजूला पंधरा मिनिटं पिणारी पोर चार घोट घेत होती, सोडत होती, धापा टाकल्यासारखी तोंड उघडं ठेवून थांबत होती, कपाळावर घाम. आणि मग कंटाळून झोपत होती. तिचं रडणं कमी झालं होतं ते बरं वाटायला लागल्यामुळे नव्हे, रडण्याइतकी ताकद नव्हती म्हणून. हे मी आज लिहू शकते. त्या वेळी मला फक्त एवढंच वाटलं की आज्जी धुरीचा राग काढतेय.

थेंब टाकून, सरळ मांडीवर धरून थोडं थोडं पाजत राहिले. संध्याकाळी मोजलं तर ५४. रात्री दहाला ५८. साठाच्या आत. मी स्वतःला सांगितलं, आत आहे ना? आकडा मिळाला की माणूस त्याचा कसा आडोसा करतो, हे मी त्या रात्री स्वतःवर बघितलं. सत्तावन्न-अठ्ठावन्न म्हणजे पास, अशी मी परीक्षेच्या मार्कांसारखी वाटणी करून टाकली होती. शुक्रवारी ४४ होतं, हे विसरून.

दीडच्या सुमाराला जाग आली. माग बंद होते. खोलीत काही आवाज नव्हता, घरघरसुद्धा नव्हती. मग एक बारीक आवाज आला, प्रत्येक श्वास सोडताना "अं", "अं", एखादं म्हातारं माणूस कण्हतं तसा. मी दिवा लावला. स्वेटर काढला, झबलं वर केलं.

बरगड्या संपतात तिथे, पोटाच्या वरच्या बाजूला, श्वास घेताना खळगा पडत होता. श्वास घेतला की छाती फुगायला हवी. इथे पोट वर येत होतं आणि छातीचा खालचा भाग आत ओढला जात होता, कुणी आतून दोरी ओढावी तसा. बरगड्यांच्या मधली कातडी आत. नाकपुड्या फुलत होत्या. मान प्रत्येक श्वासाला थोडी हलत होती. दिवसभरात मी तिला दहा वेळा घेतलं असेल, पण थंडी म्हणून दहाही वेळा स्वेटरातच.

स्वयंपाकघरातून ताटली आणली. पहिल्यांदा मोजलं तर मिनिटाला सहा सेकंद बाकी असतानाच सहावा दाणा सरकला. माझ्या हाताला इतका कंप की दाणा ताटलीबाहेर उडाला. मॅडमचं वाक्य आठवलं, परत मोजा. तिला खांद्यावर घेऊन थोपटलं, पाच मिनिटं थांबले, ती पाच मिनिटं संपता संपत नव्हती. परत मोजलं. पूर्ण मिनिटात ६६. थर्मामीटर ९८.८.

मोबाईलवर तिच्या उघड्या पोटाचा तीस सेकंदांचा व्हिडिओ काढून नवऱ्याला पाठवला. त्यानं लगेच फोन केला, म्हणजे तोही जागाच होता.

"ताप नाहीये ना पण?"

"नाही."

"मग सकाळी सातला जा ना. आत्ता या थंडीत बाहेर काढलं तर आणखी वाढेल. परवा पण उगाच..." तो मध्येच थांबला.

दादाही तेच म्हणाला. तापाशिवाय कसलं सिरीयस? सकाळपर्यंत पाच तास तर आहेत. सगळेच बोलत होते ते शहाण्यासारखंच होतं आणि मी खरंच डगमगले. दारातली थंडी दिसत होती, शुक्रवारचं मॅडमचं "गाठोडं" आठवत होतं. रात्री दोनला जाऊन पुन्हा "छान आहे" ऐकायचं? हे वाटणं इतकं खरं होतं की आज सांगायलाही लाज वाटते. बाळाला दम लागलाय आणि मी विचार करतेय की मला लोक काय म्हणतील.

आज्जी खाटेवर उठून बसली होती. तिला ना साठ ठाऊक, ना सहासष्ट. ती म्हणाली, "पोट उडायलंय लेकराचं. कशाची वाट बघलालाव?"

शेजारच्या अक्कांच्या पोराची रिक्षा होती. दादानं दार वाजवलं, पाच मिनिटांत तो स्वेटर घालत बाहेर. १०८ ला फोन करावा का, यावर दारातच चर्चा झाली. ओठ निळे पडले असते, श्वास मध्येच थांबत असता, तर रिक्षेच्या भानगडीत न पडता तोच फोन केला असता. तसं नव्हतं आणि रिक्षा दारात होती. मी तिला उभं धरलं, छाती माझ्या छातीला, तोंड मोकळं. शाल माझ्या अंगावरून घेतली, तिच्या तोंडावरून नाही. रस्ता रिकामा. होम मैदानाजवळ गड्ड्याचे मोठे पाळणे अंधारात नुसते सांगाडे होऊन उभे होते. मला त्या पाळण्यांची अजून भीती वाटते.

हॉस्पिटलात नर्सनं पायाच्या अंगठ्याला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. ८९. मॅडम वीस मिनिटांत आल्या. त्यांनी शुक्रवारसारखंच झबलं वर केलं, पण या वेळी मिनिटभर बघत बसल्या नाहीत.

नाकात ऑक्सिजनची बारीक नळी लागली. त्याआधी मशीननं नाक साफ केलं, तेव्हा चिकट, पांढरी, लांबच लांब दोरी निघाली. एवढ्याशा नाकात ती मावली कशी कोण जाणे. ऑक्सिजन लागल्यावर पाऊण तासात श्वास ५६ वर आला. दूध ओढण्यात तिची दमछाक होत होती म्हणून दीड दिवस माझंच दूध काढून नळीनं, दर दोन तासांनी ३० मिली. वाटीत दूध काढताना मला इतकं रडू आलं की नर्सनं पाठीवर हात ठेवून सांगितलं, "ताई, दुधात पडेल."

दुखण्याचं नाव ब्रॉन्किओलायटिस. फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्यांना विषाणूमुळे सूज येते, आत चिकटा साचतो. मोठ्या माणसाला त्याच विषाणूनं नुसती सर्दी होते, मावसबहिणीच्या पोराला झाली होती तशी. बाळाच्या नळ्याच मुळात केसाएवढ्या, थोडी सूज आली तरी वाट बंद. आणि हे दुखणं सुरुवातीला साध्या सर्दीसारखंच दिसतं, तिसऱ्या ते पाचव्या दिवसात जोर करतं. म्हणजे शुक्रवारी मॅडमनी "छान आहे" म्हटलं ते शुक्रवारपुरतं खरंच होतं. चौथा दिवस रविवार होता. मी शुक्रवारची पावती रविवारी दाखवत होते.

तापाचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, एवढ्या लहान बाळाला ताप आला तर ते वाईट, पण ताप नाही म्हणून चांगलं, असं उलटं होत नाही. दोन महिन्यांच्या आतली बाळं काही वेळा नुसतं दूध सोडून किंवा गप्प पडूनच सांगतात. वय लहान म्हणून रक्त तपासलं, इतर जंतुसंसर्ग नव्हता, म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवलं नाही. विषाणूवर ते चालतच नाही. ऑक्सिजन, दूध आणि नाक मोकळं, बाकी दुखणं आपल्या वेळेनं उतरतं.

गड्ड्यातल्या सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता त्या वर्षी मी हॉस्पिटलच्या खिडकीतून ऐकल्या. दादा सकाळी पांढरी बाराबंदी घालून डबा द्यायला आला, तिथूनच पुढे नंदीध्वजाच्या मिरवणुकीला गेला. संध्याकाळी ऑक्सिजन निघाला. लेकीनं स्वतःच्या तोंडानं सलग दहा मिनिटं दूध ओढलं आणि वर ढेकर दिला, तेव्हा नर्सनं वहीत लिहिलं, मी आईला फोन लावला आणि फोनवर आधी आज्जीला दे म्हटलं.

"पिली," मी म्हटलं.

"लंगोट?"

"दोन. सकाळपासून पाच."

"बरं," ती म्हणाली आणि फोन आईकडे दिला.

घरी आल्यावर खोकला जवळजवळ तीन आठवडे राहिला. मॅडमनी ते आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे खोकल्यासाठी कुठे पळाले नाही. दूध पिते, लंगोट ओले होतात, पोटाला खळगा नाही, तर खोकू दे. तरी एकदा तिनं सलग दोन वेळा दूध उलटून टाकलं म्हणून मी पुन्हा गेले, आणि काहीही नव्हतं. मॅडमना म्हटलं, मॅडम, उगाच आले. त्या पुढच्या बाळाची फाईल उघडता उघडता म्हणाल्या, "यावं. शुक्रवारी उगाच आला होता म्हणून रविवारी मोजता आलं." चारशे रुपये मात्र घेतले.

डोस महिनाअखेरीस झाले. धुरी बंद झाली, असं मी म्हणणार नाही. आज्जी अजून शेगडी पेटवते, फक्त आता ती अंगणात, आणि बाळ आत असताना. मीही तिच्या तेलपाण्यात तोंड घालत नाही. बाळाला अंघोळ घालताना ती हल्ली पाट्यावर घेतल्या घेतल्या आधी पोटाकडे बघते, पाणी नंतर. तिला दाणे लागत नाहीत.

मला लागतात. सहा दाण्यांची ती ताटली मी कपाटावर ठेवली होती, झाकण घालून. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी दादा बाळाचं सामान बांधायला खोलीत आला, झाकण उघडलं आणि बोलता बोलता एक दाणा तोंडात टाकला. मी ओरडले तसा तो दचकला. दुसरा दाणा घे म्हणाला, घरात पोतंभर आहेत. मी आईकडून एक मागून आणला, भाजलेला, जरा मोठा, आणि ताटली बॅगेत लंगोटांच्या मध्ये ठेवली.